टिप देणाऱ्याचे भाकीत कसे तपासावे

आयपीएल सुरू झाली की सांगली-मिरजेतही मोबाइलवर ‘आजचा सामना शंभर टक्के पक्का’ असे निरोप फिरू लागतात. असा निरोप पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याआधी त्याचे भाकीत तपासावे, आणि त्यासाठी एक वही पुरते.

पुणे किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा हँडिकॅपर हा भाकीत करणारा नसतो. घोड्यांची आधीची कामगिरी पाहून तो मानांकन देतो आणि सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवून सर्वांना शक्यतो सारखी संधी देतो. टिप देणारा मात्र कोण जिंकेल ते सांगतो, आणि तेवढे सांगणे पुरेसे नसते, कारण खरा प्रश्न भावाचा असतो, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका रुपयामागे मुद्दलासह किती परत मिळतात याचा.

समजा, दोन तुल्यबळ संघांवर प्रत्येकी 1.90 भाव आहे. 1 या आकड्याला 1.90 ने भागल्यास 52.6 टक्के येतात आणि दोन्ही बाजूंची बेरीज 105 च्या वर जाते. हा वरचा भाग बुकीचा. म्हणजेच या भावात नुसते बरोबरीत सुटायलाही शंभरातले जवळजवळ त्रेपन्न अंदाज खरे ठरावे लागतात. नेहमी बलाढ्य संघाचेच नाव घेणाऱ्याचे दहापैकी सात अंदाज खरे ठरले, पण भाव 1.30 असला, तर प्रत्येकी शंभर रुपयांच्या हिशेबाने हजारातले 910 परत येतात, म्हणजे सात वेळा खरे ठरूनही नव्वद रुपये गेलेच.

म्हणून वहीत तारीख, सामना, त्या वेळचा भाव, टिप देणाऱ्याने सांगितलेली टक्केवारी आणि निकाल हे रकाने आखावेत. निकालाखेरीज सर्व काही सामना सुरू होण्यापूर्वीच लिहावे. टक्केवारी सांगायला तो तयार नसेल, तर त्याचे भाकीत मोजताच येत नाही. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये मांडलेली रीत इथे उपयोगी पडते: 70 टक्के, म्हणजे 0.7 सांगितले आणि संघ जिंकला तर अंदाज 1 पासून 0.3 ने चुकला, त्याचा वर्ग 0.09; हरला तर 0 पासून 0.7 ने चुकला, त्याचा वर्ग 0.49. या आकड्यांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाज चांगला. डोळे मिटून प्रत्येक वेळी 50 टक्के म्हणणाऱ्याचीही सरासरी 0.25 येते.

घाईने मत बनवू नये. नाणे शंभरदा उडवले, तरी पंचावन्न किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे 18 टक्के असते, त्यामुळे काहीशे नोंदींशिवाय कौशल्य आणि नशीब वेगळे होत नाही. शिवाय 640 जणांपैकी निम्म्यांना एका संघाचे आणि निम्म्यांना दुसऱ्याचे नाव कळवत, दरवेळी फसलेल्यांना गाळत गेले, तर पाच सामन्यांनंतर वीस जणांना तो माणूस कधीच न चुकणारा वाटतो. पैसे मागणारा निरोप नेमका त्या विसांनाच जातो, आणि ही फसवणूक मला सर्वांत घातक वाटते.

ही सारी तपासणी कागदावरच ठेवावी. क्रिकेटवरचा सट्टा महाराष्ट्रात बेकायदा आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली आहे.