सायबर सिक्युरिटीत पहिलं सर्टिफिकेट: आधी काम ठरवा, मग परीक्षा

नवखे बहुतेक जण सर्टिफिकेट निवडतात ते नाव ऐकून, आणि सगळ्यात जास्त कानावर पडतं ते सीआयएसएसपी, म्हणजे अनुभवी लोकांसाठीचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या 8 विषयांपैकी किमान 2 विषयांत 5 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. योग्य पदवी असेल तर 1 वर्ष माफ होतं. अनुभव नसतानाही परीक्षा देता येते, पास झाल्यावर अनुभव जमवायला 6 वर्षं मिळतात. पण तोवर तुम्ही फक्त 'असोसिएट'. बायोडेटात सीआयएसएसपी लिहिता येत नाही.

त्यापेक्षा हव्या त्या कामाच्या वीसेक जाहिराती काढा आणि त्यांत काय मागितलंय ते मोजा. बँका किंवा ऑडिट फर्ममध्ये आयटी ऑडिट, म्हणजे संगणक यंत्रणांची तपासणी, करायची असेल तर सीसा हे सर्टिफिकेट. कॉमर्सवाल्यांना हा रस्ता खुला आहे: 150 प्रश्न, 4 तास, 800 पैकी 450 ला पास. इथेही 5 वर्षांचा अनुभव लागतो, पण परीक्षा आधी देऊन ठेवता येते. पेनटेस्टिंगसाठी, म्हणजे परवानगीने सिस्टिममध्ये घुसून त्रुटी शोधण्याच्या कामासाठी, ओएससीपी: 23 तास 45 मिनिटं परीक्षेतल्या संगणकांत घुसायचं, पुढच्या 24 तासांत रिपोर्ट द्यायचा, 100 पैकी 70 गुण हवेत. नेटवर्किंग आणि लिनक्स कच्चं असताना ही फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

सॉकमध्ये, म्हणजे हल्ल्यांचे अलर्ट चोवीस तास बघणाऱ्या टीममध्ये, शिरायचं असेल (रात्रपाळी आलीच) तर सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं सर्टिफिकेट पहिलं पाऊल म्हणून ठीक. 90 मिनिटांत जास्तीत जास्त 90 प्रश्न, 100 ते 900 च्या मोजपट्टीवर 750 ला पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. एसवाय0-701 या आवृत्तीत सर्वाधिक 28 टक्के वजन सिक्युरिटी ऑपरेशन्सला आहे, तरी लोक अभ्यासाचे निम्मे दिवस क्रिप्टोग्राफीतली (माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतींची) नावं घोकण्यात घालवतात.

घात होतो तो प्रात्यक्षिक प्रश्नांत. ते सहसा सुरुवातीलाच येतात आणि एकेक प्रश्न सात-आठ मिनिटं खातो. खूण करून पुढे जा, बाकीचा पेपर उरका, मग परत या. फायरवॉलचे नियम लावायला दिले असतील तर लक्षात ठेवा: नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. वर 'सगळ्यांना परवानगी' ठेवून खाली 3389 पोर्ट (दुरून विंडोज चालवण्याच्या रिमोट डेस्कटॉपचा) अडवला, तर तो अडत नाही.

ही समज वाचून येत नाही, हात चालवावे लागतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) एक विंडोज, एक काली लिनक्स (सुरक्षा चाचणीची साधनं असलेलं लिनक्स); 16 जीबी रॅम असेल तर दोन्ही आरामात चालतात. मुद्दाम कमकुवत ठेवलेलं मशीन घ्याल तर नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' ठेवा, म्हणजे ते फक्त तुमच्याच संगणकापुरतं राहतं. 'ब्रिज्ड' केलंत तर ते घरच्या वायफायवर सगळ्यांना उघडं पडतं. विंडोजवर मुद्दाम पाच-सहा वेळा चुकीचा पासवर्ड टाका, एकदा बरोबर टाका, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं साधन) 4625 च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, रांगेनंतर आलेला 4624, म्हणजे यशस्वी लॉगिन, शोधा. सॉकच्या मुलाखतीत याबद्दल विचारतातच.

'हमखास पास'वाले डंप, म्हणजे फुटलेल्या परीक्षा-प्रश्नांचे संच, घेऊ नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि नाही पकडलं तरी वरचा 4625 चा प्रश्न तिथेच उभा असतो.

बुकिंग करताना नाव तपासा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी, लग्नानंतर तिसरंच. परीक्षेच्या खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात आणि फीही बहुधा बुडते. पासपोर्टवर जसं आहे तसंच खातं उघडा.

सिक्युरिटी प्लस 3 वर्षं चालतं. त्या काळात 50 क्रेडिट (शिकत राहिल्याचे गुण) जमवून नूतनीकरण करता येतं. वेबिनार, कोर्स, वरची एखादी परीक्षा यातून ती मिळतात. दर महिन्याला एखादं प्रमाणपत्र खात्यात चढवत जा. शेवटच्या आठवड्यात जुने ईमेल उपसत बसलात आणि मुदत टळली, तर पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते, फीसकट.