ऐतिहासिक बाईवरचा पिक्चर बघताना खरी बाई कशी शोधायची

काशीबाई, आनंदीबाई जोशी, झाशीची राणी, कुणावरही पिक्चर आला की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते अगदी असंच घडलेलं, दुसरी म्हणते सगळं खोटं. दोन्ही नको. घडलेलं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे स्वतःला ओळखता यायला हवं, आणि ते जमतं.

पहिल्यांदा मोबाईल बाजूला ठेवून नुसता बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि एवढंच लिहा, बाईने स्वतः काय ठरवलं आणि तिच्यासाठी दुसऱ्यांनी काय ठरवलं. 'आनंदी गोपाळ' (२०१९) असा बघाच. शिक्षणाचा हट्ट तिच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा, हे खरंय. पण १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, लोकांसमोर इंग्रजीत उभं राहून मी डॉक्टरी शिकायला अमेरिकेला का जातेय हे सांगणारी आनंदीबाईच होती, आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजला तिने लिहिलं की माझी माणसं आणि माझी जात विरोधात असताना मी ज्या निश्चयाने इथवर आले तो निश्चय मी ज्या कामासाठी आले ते पार पाडायला मला बरीच मदत करेल. नवऱ्याने घडवलेली मुलगी असं पत्र लिहीत नाही हो, किमान नुसती तेवढीच नसते. म्हणून तिचं स्वतःचं लिखाण आधी शोधा, चरित्रं आणि कादंबऱ्या नंतर.

गाणं आलं की जास्त सावध. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मधली पिंगा खेळणारी काशीबाई रचलेली आहे, पेशव्यांच्या घरातली बाई अशी नाचणं त्या काळात अशक्य, त्यात काशीबाईंना पायाचं दुखणं होतं. तरी दिग्दर्शकाने हे का घातलं असेल? काशीबाई आणि मस्तानी या दोघींना एका फ्रेममध्ये, नवऱ्याशिवाय, समोरासमोर आणायला. हेतू मला पटतो, पण बाजीराव गेल्यावर चासला सोमेश्वराचं देऊळ बांधून घेणारी काशीबाई त्यात हरवते, त्याचं वाईट वाटतं.

आता आपल्या नाशिकचा सराव. सावानात (म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं आहे, वापरा की!) जाऊन रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मागा. 'उंच माझा झोका' सिरियल बघितलेल्यांनी तर नक्कीच. न्यायमूर्ती रानडे जन्माने निफाडचे, नोकरीनिमित्त नाशकात होते, आणि रमाबाईंचं पहिलं जाहीर भाषण इथल्याच हायस्कूलच्या कार्यक्रमात झालं, तेही रानड्यांनी लिहून दिलेलं! पडद्यावर तिला स्वतःचं भाषण दिलं तर ती धीट दिसेल, टाळ्याही पडतील, पण दुसऱ्याने लिहिलेले शब्द घेऊन पहिल्यांदा लोकांसमोर उभं राहणाऱ्या तरुण बाईच्या मनात काय चाललं असेल ते निघून जाईल. हा एकच सीन दोन्ही प्रकारे लिहून काढा, एका पानात होतो, आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवून विचारा की यातली कुठली रमाबाई पुढे पुण्यात सेवासदन ही बायकांसाठीची संस्था चालवेल.