छोट्या दारापाशी चपला कशा मावतील
ठाण्यातल्या वन बीएचकेत दार उघडलं की थेट हॉल, शू रॅक एवढासा आणि चपला अख्ख्या घराच्या. तर जोडी ठेवताना एक बूट टाच बाहेर, दुसरा टोक बाहेर असा उलटसुलट ठेवायचा, पुढचा भाग रुंद आणि टाच अरुंद असते ना, त्यामुळे जोडी चिकटून बसते आणि खणात एखादी जास्त मावते.

१. रोजच्या खाली, लग्नाकार्याच्या वर.
२. पावसाळ्यात ओले बूट आधी ट्रेमध्ये, आत पेपरचे बोळे कोंबायचे, भिजले की बदलायचे, पूर्ण सुकल्यावरच रॅकमध्ये, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत लेदरवर बुरशी ठरलेलीच.

आणि हो, रॅक बाहेर पॅसेजमध्ये सरकवू नका, आग लागली तर पळायची वाट तीच असते (सोसायटीची नोटीस येते ते वेगळंच).