९ किलोचा स्पीकर एएसी ब्लॉकच्या भिंतीवर कसा बसवला – माझा अनुभव

आमच्या फ्लॅटमधल्या आतल्या भिंती ४ इंची एएसी ब्लॉकच्या आहेत, हलके पांढरे ठोकळे असतात ना तेच. पहिल्यांदा मी नेहमीसारखं हॅमर ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली, ब्रॅकेट लावलं, स्पीकर अडकवला, आणि आठवड्यात ब्रॅकेट वरून अर्धा सेंटीमीटर पुढे आलेलं, खाली माझी मुलगी खेळत होती, काळजात धस्स झालं. लगेच उतरवला.

कारण साधं आहे, हा ब्लॉक आतून सच्छिद्र असतो, हॅमरच्या दणक्याने भोक मोठं होतं आणि गिट्टीला पकडच राहत नाही. त्यात स्पीकर भिंतीपासून पुढे असल्यामुळे वरचा स्क्रू बाहेर खेचला जातो.

मग हॅमर मोड बंद करून जुन्या भोकांपासून लांब आरपार भोकं पाडली, ८ एमएमचा आट्यांचा रॉड घातला, पलीकडे बेडरूमच्या कपाटामागे लोखंडी पट्टी आणि मोठे वायसर लावून नट आवळले. फार आवळू नका हं, ब्लॉक चुरा होतो. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल अजिबात नको, आत वायर असते. आता ब्रॅकेटला अक्षरशः लोंबकळून बघितलं, हललं नाही.