रिफ्लेक्स तपासताना 'निल' लिहायच्या आधी

केस पेपरवर सकाळी एका इंटर्नने 'अँकल जर्क निल' (टाचेमागे हॅमरने ठोकल्यावर पाऊल उडालंच नाही) लिहिलेलं असतं, संध्याकाळी दुसरा जाऊन ठोकतो तर मस्त येतो, मग राउंडला सरांसमोर दोघं एकमेकांची तोंडं बघत उभे. इंटर्नशिपमध्ये हे सर्रास चालतं, कारण रिफ्लेक्सचं उत्तर बऱ्याचदा पेशंटपेक्षा ठोकणाऱ्याच्या हातावर ठरतं.

हॅमर जड घ्या. तिकोनी टेलर हॅमर खिशात मावतो म्हणून सगळे तोच वापरतात, पण हलका असल्याने जोर आपल्याला लावावा लागतो आणि मग प्रत्येक ठोका वेगळा पडतो. लांब दांड्याचा क्वीन स्क्वेअर बरा, मनगट सैल सोडायचं आणि त्याला त्याच्या वजनाने पडू द्यायचं. अँकल जर्कला गुडघा थोडा वाकवून बाहेर टाकायचा, पाऊल वरच्या बाजूला हलकं दाबून धरायचं आणि मग ठोकायचं, टाचेमागच्या टेंडनला (स्नायूच्या दोरीला) हा ताण नसेल तर कितीही बडवा काही होणार नाही. नी जर्कला (गुडघ्याखाली ठोकताना) नजर पावलावर नको, मांडीवर ठेवा, हातही तिथेच. पाय उडाला नाही तरी क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आकसलेला हाताला लागतो.

पेशंट अंग आखडून बसलाय? काही आजोबा तर डॉक्टरला मदत म्हणून स्वतःच पाय उडवतात 😄 त्यांना बोलतं करा, नातवंडं किती, पाऊस कसाय वगैरे. तरीही येत नसेल तर जेंड्रासिक ही रिफ्लेक्स वाढवायची (रिइन्फोर्समेंटची) युक्ती: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावा आणि ओढत असतानाच ठोका, सोडल्यावर नाही. हाताचे रिफ्लेक्स असतील तर दात आवळायला सांगा. हे केल्याशिवाय निल लिहायचं नाही, आणि असं करून आला तर 'रिइन्फोर्समेंटने आला' असं स्पष्ट लिहा.

१+ की २+ (रिफ्लेक्सच्या जोराचे ग्रेड) यावर भांडण्यात अर्थ नाही. १९९८ च्या एका डच अभ्यासात डॉक्टरांनी एकाच पेशंटच्या रिफ्लेक्सला ग्रेड दिले तर त्यांचं आपसात फारसं जुळलंच नाही. खरी माहिती डाव्या-उजव्याच्या फरकात असते, म्हणून दोन्ही बाजू पाठोपाठ, त्याच पोझिशनमध्ये ठोका. पायात कळ जातेय आणि त्याच बाजूचा अँकल गेलाय तर एस१ रूटचा (कमरेखालच्या मणक्यातून पायात जाणाऱ्या नसेच्या मुळाचा) विचार करा. म्हाताऱ्या माणसाचे किंवा जुन्या डायबेटिसवाल्याचे दोन्ही अँकल नसले तर त्यावरून लगेच मणक्याचा एमआरआय लिहू नका. उलट दोन्हीकडे जोरात येतायत, पण क्लोनस (पाऊल झटक्यात वर दाबल्यावर ते आपोआप थरथरत राहणं) नाही, टोन (स्नायूंचा ताण) नॉर्मल, तर पेशंट नुसता घाबरलेला असू शकतो, थायरॉईडही बघा.

प्लांटर (तळपायावर ओरखडा ओढून अंगठा वर जातो की खाली ते बघायचा रिफ्लेक्स) तर याहून बेभरवशाचा. टाचेपासून बाहेरच्या कडेने सावकाश ओढा आणि अंगठ्याची फक्त पहिली हालचाल धरा, नंतर पेशंट गुदगुल्यांनी पाय ओढून घेतो ते मोजायचं नाही. वर गेला की खाली यावर वाद झालाच तर पेशंटला जमिनीवर पाऊल भराभर आपटायला लावा आणि वेग बघा. २००५ मध्ये हे दोन्ही ताडून बघितलं होतं, त्यात प्लांटरपेक्षा पाऊल आपटण्याच्या वेगावर डॉक्टरांचं एकमत बरंच जास्त निघालं.