ॲप नंतर, आधी फाइल: लांबच्या गाडीप्रवासाची तयारी

"मामा, कोणतं ॲप टाकू?" भाचा आणि त्याचं मित्रमंडळ कुठं लांब निघालं की आदल्या रात्री मला हा फोन ठरलेला. हयातभर जमिनीची मोजणी केली, आता निवृत्त होऊन बोलेरोतून आम्ही नवरा-बायको हिंडत असतो, कधी कांदाटी खोऱ्यात तर कधी थेट स्पितीत. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, मामाकडं एखादं जादूचं ॲप असणार. मी उलट विचारतो, तुझी वाट कोणत्या फाइलमध्ये आहे ते सांग. ॲपचं मग बघू.

असं का म्हणतो? ॲप मालक बदलतं, जाहिराती दाखवायला लागतं, काल फुकट होतं त्याला आज पैसे मागतं. मॅप्स डॉट मी हे ऑफलाइन नकाशाचं ॲप एकेकाळी प्रत्येक भटक्याच्या फोनमध्ये असायचं. ते दोनदा विकलं गेलं, तेव्हा मूळच्या मंडळींनी त्याच्याच कोडमधून ऑरगॅनिक मॅप्स हे वेगळं ॲप काढलं. ज्यांनी आपली ठिकाणं फाइल करून बाजूला ठेवली होती, त्यांनी ती नव्या ॲपमध्ये उघडली आणि गाडी काढली. बाकीचे पहिल्यापासून खुणा टाकत बसले.

फाइल म्हणजे मुख्यतः जीपीएक्स. तिची सध्या चालणारी १.१ ही आवृत्ती २००४ सालची आहे आणि अजूनही कामाची बहुतेक ॲपं ती वाचतात. आतून ती साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी आकडे वाचता येतात. मोजणीदाराला आणखी काय हवं! तिच्यात तीन गोष्टी असू शकतात, आणि या तिन्हींतला फरक कळला की निम्मं काम झालं.

वेपॉइंट म्हणजे एक खूण. पेट्रोल पंप, मुक्काम, पंक्चरवाला, पाण्याची जागा.

रूट म्हणजे थोडेसे बिंदू, आणि त्यांच्या मधला रस्ता ॲपनं स्वतः काढायचा. गंमत इथंच होते. सातारा आणि महाबळेश्वर एवढे दोनच बिंदू देऊन बघा. एक ॲप तुम्हाला मेढा-केळघरवरून नेईल, दुसरं पाचवड-वाई करत पसरणी घाटानं पाचगणीला चढवेल. दोन्ही रस्ते खरे, पण तुमच्या मित्रानं पाठवलेला कोणता? तो फाइलमध्ये नाहीच. म्हणून रूट पाठवायचाच असेल तर जिथं फाटा फुटतो त्याच्या पुढं एक बिंदू टाकायचा. इथं केळघरवर एक टिंब दिलं की कुठलंही ॲप वाईला जाणार नाही.

ट्रॅक म्हणजे गाडी जिथून गेली तिथले शेकडो, हजारो बिंदू, ओळीनं. यात अंदाजाला जागा नाही. डोंगरातल्या, नदीपात्रातल्या, नावगाव नसलेल्या वाटेसाठी मी ट्रॅकच मागतो. मात्र काही ॲपं ट्रॅकची नुसती रेघ दाखवतात, "डावीकडे वळा" असं बोलत नाहीत. ऑसमँड हे ऑफलाइन नकाशाचं ॲप बोलतं, ट्रॅक उघडून त्याच्यावरून नेव्हिगेशन सुरू करता येतं. ट्रॅकमध्ये वेळही नोंदलेली असते, पण ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सकाळी साडेसहाला निघालेल्या माणसाची फाइल रात्री एकला निघाल्यासारखी दिसली तर दचकू नका. आणखी एक, ट्रॅक कुणाला पाठवायच्या आधी सुरुवातीचा किलोमीटरभर कापून टाका. आपण कुठं राहतो आणि कधी घराबाहेर असतो, हे अनोळखी माणसाला कशाला सांगायचं?

दुसरी फाइल केएमएल. ही गूगल अर्थच्या घरची. केएमझेड म्हणजे तिचीच झिप, चित्रं वगैरे आत बांधलेली. लॅपटॉपवर गूगल अर्थमध्ये उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढायची, खालचा ओढा, वरची धार बघायची आणि केएमएल करून ठेवायची, यासाठी ती झकास. मग जीपीएसबॅबेल या फुकट प्रोग्रॅममधून तिचं जीपीएक्स करून घ्यायचं. गार्मिनच्या घड्याळातून येणारी फिट फाइलही त्यातूनच बदलते. जिओजेसन वगैरे संगणकवाल्यांसाठी; आपण पुढं जाऊ.

केएमएलची एक खोड ठाऊक असू द्या. तिच्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. आपण बोलताना आणि बहुतेक ॲपांत टाइप करताना अक्षांश आधी. सातारा साधारण १७.६८, ७४.०० वर. हेच उलटं टाकलं तर खूण नॉर्वे आणि स्वालबार बेटांच्या मधल्या समुद्रात पडते. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. छुपी चूक अंश-मिनिट-सेकंदांची. १७ अंश ४० मिनिटं ४८ सेकंद म्हणजे दशांशात १७.६८. ते कुणी घाईत १७.४०४८ असं लिहून पाठवलं, की मुक्काम ३० किलोमीटर दक्षिणेला सरकून उंब्रजच्या बाजूला गेला. नकाशावर ते अगदी खरं वाटतं, कारण तिथंही गावं आहेत, रस्ते आहेत. म्हणून कुणी आकडे पाठवले की पहिला प्रश्न: दशांश की मिनिटं? दशांश असतील तर पाच स्थळं पुरे, तेवढ्यात मीटरभराचा नेमकेपणा येतो. तीनच स्थळं असतील तर शंभर मीटरची ढिलाई आहे असं समजा. घाटात शंभर मीटर म्हणजे वरचं वळण की खालचं वळण, एवढा फरक.

आता ॲपं. गूगल मॅप्स मी काढायला सांगत नाही. हायवेवर, शहरात, खंबाटकीत गाड्या तुंबल्यात का हे बघायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. नकाशाचा तुकडा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही ते गाडीचा रस्ता दाखवतं, पण त्या वेळी ट्रॅफिक नाही आणि पायी वाट नाही. उतरवलेला तुकडा जुना झाला की नवा करावा लागतो, ते निघायच्या आधी बघा. आणि आपल्या मुद्द्याचं म्हणजे फोनवरचं गूगल मॅप्स जीपीएक्स थेट उघडत नाही. गूगलच्याच माय मॅप्स या साइटवर लॅपटॉपवरून चढवता येते, फोनवर रेघ दिसतेही. पण त्या रेघेवरून ते तुम्हाला वळणावळणानं नेत नाही.

ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. हा नकाशा तुमच्याआमच्यासारख्यांनीच भरलेला असतो. ऑसमँडमध्ये महाराष्ट्राचा नकाशा वेगळा उतरवता येतो. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवायची मर्यादा आहे, तेव्हा सगळा देश ओढत बसू नका. जीपीएक्स उघडणं, ट्रॅक नोंदवणं, नोंदलेलं बाहेर काढणं, सगळं जमतं. सेटिंग्ज मात्र इतकी, की पहिल्या दिवशी माणूस वैतागतो. घरी बसून शिका, घाटात नको. ऑरगॅनिक मॅप्स त्यामानानं सरळ: फुकट, जाहिरात नाही, केएमएल आणि जीपीएक्स दोन्ही घेतं. आमच्या मंडळींच्या फोनवर तेच आहे आणि खरं सांगायचं तर गाडीत चालतं ते त्यांचंच. मी चालवणार, त्या वाट सांगणार, आणि मी ऐकलं नाही तर पुढचे दहा किलोमीटर काही खरं नाही.

दोन फोन, दोन वेगळी ॲपं, आणि दोन्हींत तीच जीपीएक्स. दोघांचं जुळलं की बिनधास्त जायचं. नाही जुळलं तर थांबायचं, काच खाली करायची आणि बांधावरच्या माणसाला विचारायचं.

ते विचारणं का लागतं, तर नकाशावर रेघ असणं आणि गाडी जाणं या दोन गोष्टी आहेत. कोरेगाव-कऱ्हाडकडं उसातल्या पाणंदी ॲपला रस्ता म्हणून दिसतात. उन्हाळ्यात बोलेरो जाते. पावसात त्याच काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. ओपनस्ट्रीटमॅपवर गाडीवाटेला ग्रेड १ ते ५ अशी प्रत लावायची सोय आहे. १ म्हणजे टणक, ५ म्हणजे नुसती माती. तपशिलात ही प्रत दिसली तर वाचा. कच्चे रस्ते टाळा, फेरी (म्हणजे गाडी पाण्यापलीकडं नेणारी बोट) टाळा, अशी बटणंही या ॲपांत असतात. कच्चा रस्ता टाळायला सांगून वर "ॲप आडवाटेला नेत नाही" म्हणून रडणारे मी पाहिलेत. फेरीचंही तसंच: शिवसागर जलाशयावर तापोळ्याला तराफ्यावरून गाडी पलीकडं नेता येते. बटण चुकीचं असेल तर ॲप पाण्याला लांब वळसा घालून नेतं, आणि बरोबर असलं तरी तराफा त्या वेळी चालू आहे का, हे त्याला ठाऊक नसतं.

जंगलाचं वेगळं. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला २०१० मध्ये. आतल्या जुन्या वाटा नकाशावर अजून आहेत, कुणाच्या तरी ट्रॅकमध्येही सापडतील. परवानगीशिवाय तिथं गाडी घालायची नाही. तसंच वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवायचे आदेश निघतात. ते आधी वर्तमानपत्रात येतात, ॲपवर येतील याची खात्री नाही.

फाइल आणि ॲप जमलं की लांब निघण्याआधी एका रविवारी चाचणी घ्या. सातारा, कास, बामणोली आणि परत. फोन विमान मोडवर टाका. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन उपग्रहांचं नुसतं ऐकतो. फक्त पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ जाईल, कारण एरवी नेटवर्क त्याला उपग्रह शोधायला मदत करतं. यवतेश्वर चढायच्या आधी ट्रॅक नोंदवायला लावा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी-बचत बंद करा. नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो आणि ट्रॅकमध्ये कासपासून बामणोलीपर्यंत एकच सरळ रेघ येते. घरी आल्यावर तो ट्रॅक जीपीएक्स करून बाहेर काढा आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. बाहेर काढता येत नसेल, किंवा त्यासाठी पैसे मागत असेल, तर ते ॲप कितीही देखणं असो, माझ्याकडून त्याला रजा.

फोन काचेला चिकटवून भर उन्हात ठेवू नका. तापला की स्वतःच मंद होतो, चार्जिंग थांबवतो. एसीच्या जाळीसमोर लावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मिळतात. २० मीटरच्या समोच्च रेषा असतात, चढ किती उभा आहे ते नीट कळतं. माझ्याकडं ते छापलेलेही असतात. सवय.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. स्पितीत ग्रांफूवरून कुंझुम ओलांडून काझाकडं जाताना रेंजच्या भरवशावर राहूच नका, सगळे नकाशे मनालीतच उतरवलेले हवेत. आणि परदेशातल्या नातेवाइकानं प्रेमानं दिलेलं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन बरोबर घेऊ नका. सरकारी परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे आणि त्यापायी लोकांना अटक झालेली आहे. नुसता उपग्रहाचं ऐकणारा जीपीएस चालतो.

निघताना जीपीएक्सची एक प्रत मागं राहणाऱ्याला द्या. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. उघडली नाही तर नावाचा शेवट बघा, कधी कधी जीपीएक्सच्या जागी एक्सएमएल चिकटलेलं असतं, ते बदललं की उघडते. बरोबर मुक्कामांची नावं आणि "अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर इथं चौकशी कर" एवढी ओळ. आमची प्रत भाच्याकडं असते. त्याची माझ्याकडं यायला लागलीय, तीही आदल्या रात्री अकराला.