अलेग्रीचं 'मिझेरेरे' बसवताय? या चुका टाळा

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ आला की इथे इंग्लंडमधल्या हौशी क्वायरना ग्रेगोरिओ अलेग्रीचं 'मिझेरेरे' हे लॅटिन समूहगीत गायची हुक्की येते, आणि दर वर्षी कोणीतरी नवीन सोप्रानो (सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी) पहिल्याच रिहर्सलला विचारते, टॉप सी, म्हणजे यातला सगळ्यात उंच सूर, कोण गाणार? अगं बाई, आधी बाकीचे सूर तरी लाव! तो सी अलेग्रीचा नाहीच बहुधा. त्याने १६३८ च्या आसपास व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलसाठी बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राला साधी चाल लावली. १८३१ मध्ये संगीतकार मेंडेल्सनने रोममध्ये ती वरच्या पट्टीत, म्हणजे सा च्या जागी म धरून गायलेली ऐकली आणि लिहून घेतली, मग १८८० च्या ग्रोव्हच्या संगीतकोशात त्यातला वरच्या पट्टीतला तुकडा मूळ चालीत मध्येच येऊन बसला, तिथून हा सी आला. छान लागतो हे मान्य, पण त्या पाच सी पायी बाकीची बारा-चौदा मिनिटं वाऱ्यावर सोडू नका.

खरी वाट लागते ती चँटमध्ये. एकाआड एक ओळ पुरुष बहुतेक एकाच सुरावर म्हणतात, सोपी वाटते म्हणून तिची कोणी प्रॅक्टिसच करत नाही, आणि साथीला काही नसतं त्यामुळे सूर केसाकेसाने उतरत जातो. एका ॲश वेन्सडेला, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, आम्ही पाच जण त्या ओळी म्हणत होतो, मी त्यातलाच, आणि सगळं मस्त चाललंय असंच वाटत होतं. संपल्यावर ऑर्गनवर पुढच्या गीताचा सूर आला तेव्हा कळलं की आपण अख्खा अर्धा सूर खाली आलोय. वर आमची सोप्रानो बाहेर आल्यावर म्हणते कशी, "तरीच आज सी इतका सहज लागला!"

तेव्हापासून मी घरी तानपुऱ्याचं ॲप लावून त्या ओळी घोटतो, आणि प्रत्येक शब्दाला सूर नव्याने, किंचित वरून धरतो. डिरेक्टरांना हे फॅड वाटतं. वाटू दे.

बाकी किरकोळ. लांब कॉर्डवर, म्हणजे एकाच सुरमेळावर बरेच शब्द येतात तिथे, मात्रा मोजू नका, बोलल्यासारखं म्हणा. लॅटिन 'ecce' चा उच्चार 'एक्के' नाही, 'एच्चे'. हे दोन क्वायरनी गायचं असतं; चार जणांचा दुसरा क्वायर लांब उभा असेल तर कानावर जाऊ नका, डिरेक्टरचा हात बघा, आवाज उशिरा पोचतो. यूट्यूबवरून पाठ करू नका, मोत्झार्टने १४ व्या वर्षी ऐकून लिहून काढलं म्हणे, पण तो मोत्झार्ट होता.

आणि शेवटी दोन्ही क्वायर मिळून नऊ आवाज होतात, तिथे सगळ्यांना चेव येतो. जुनी प्रथा तिथे हळूहळू आवाज आणि लय दोन्ही कमी करत जायची आहे. बासवाल्यांनो, म्हणजे खालच्या पट्टीतल्या पुरुषांनो, तुम्हालाच म्हणतोय.